बॅग ठेवून ये

विवेकला कॅनडात रांग कशी लावायची हे माझ्या बाबांनी शिकवलं, आणि तेही आमगावात खाटेवर बसून, फोनवरून. बाबा, म्हणजे ताराचंद, आयुष्यात नागपूरच्या पलीकडे गेलेले नाहीत. पण सल्ला द्यायला त्यांना अंतराची अडचण कधी आलेली मी पाहिली नाही.

रांग होती एका व्हिडिओ गेमसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण इथे ऐकणारा प्रत्येक जण हसतो. हसून घ्या. विवेक माझा धाकटा भाऊ. तो शाळेत होता तेव्हा स्टेशनाजवळच्या सायबर कॅफेत आम्ही दोघं एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसून या गेमचा पहिला भाग खेळलो होतो. बोट फुटून एका बेटावर पोचलेली दोन भावंडं, त्यांनी तिथे पाणी शोधायचं, घर बांधायचं, जगायचं, एवढाच तो खेळ. कीबोर्ड त्याच्याकडे आणि माउस माझ्याकडे. आता इतक्या वर्षांनी त्याचा तिसरा भाग येणार होता. टोरांटोजवळच्या ज्या गावात विवेक राहतो, तिथल्या एका दुकानात त्याचे खास डबे येणार होते, आत त्या बेटाचा कापडावर छापलेला नकाशा. डबे थोडे आणि घेणारे फार, म्हणून तिथली पोरं आदल्या रात्रीपासून दुकानासमोर बसतात.

"जाऊ का ताई?" असं त्यानं मला विचारलं तेव्हा मला रागच आला. शिकायला म्हणून गेला, शिक्षण संपलं, आता गोदामात खोकी उचलतो, एका खोलीत पाच जणांबरोबर राहतो, आणि एक गेम घ्यायला बहिणीची परवानगी मागतो. मी म्हटलं, जा. एकदा तरी स्वतःसाठी काही घे.

त्याच्या जिवाला खरा घोर होता तो वेगळाच. तिथे कायम राहता यावं म्हणून त्यानं सरकारकडे अर्ज केला होता आणि त्याचा निकाल यायचा होता. निकाल येईपर्यंत आपल्या नावावर पोलिसांत काहीही नको, असं वकिलानं त्याला बजावलं होतं. तेव्हापासून तो रस्ता ओलांडायलासुद्धा हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचा, समोर गाडी नसली तरी. अर्ज फेटाळला तर परत यावं लागणार होतं, आणि परत येऊन काय करायचं याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हतं.

आदल्या संध्याकाळी त्याचा फोन आला. आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ. जयभीम झालं, जेवणाची विचारपूस झाली, आणि मग त्यानं अडचण सांगितली. त्याची पाळी मध्यरात्री सुटणार आणि रांग तर रात्री लवकरच लागणार. तो पोचेपर्यंत डब्यांपेक्षा माणसं जास्त झालेली असणार.

"मंग कामावर जाच्या आधी बॅग ठेवून ये ना तिथं," बाबा म्हणाले. "नंबर लागून जाते."

आमच्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. धान खरेदी केंद्रावर दिवाळीनंतर रांगा लागतात, त्यात माणूस उभा राहत नाही. उभ्या असतात चुंगड्या, म्हणजे पोती. आदल्या दिवशी फाटकाशी आपली एक चुंगडी नेऊन ठेवायची, त्यात वजनाला काहीतरी भरायचं, नावाचा कागद आत टाकायचा आणि घरी येऊन जेवून झोपायचं. सकाळी जाऊन आपल्या चुंगडीमागे उभं राहायचं. खताच्या दुकानासमोर तेच. रेशनच्या दुकानासमोर चुंगडी नसली तर चप्पल चालते. दुसऱ्याची चुंगडी सरकवणं मात्र इतकं वाईट, की तेवढ्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलं आहे.

"इथं तसं नाही चालत बाबा," विवेक म्हणाला.

"काऊन नाई चालत? तिथं का मानसं नाईत?"

"माणसंच आहेत, पण..."

"मंग झालं. रिकामी बॅग नको ठेवू. रिकाम्या बॅगेले लोक लात मारतेत. वजनदार पायजे. आन नावाचा कागद टाक अंदर, म्हंजे भांडन नाई होत."

मी वालाच्या शेंगा सोलत ऐकत होते आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बाबांचं डोकं चांगलं चालतं असंच वाटलं. मला इंग्रजी येतं, मी पोरांच्या शिकवण्या घेते, रोज मोबाइलवर जगाच्या बातम्या वाचते, आणि तरी माझ्या मनात दुसरं काही आलं नाही. विवेक हसला, बरं म्हणाला, फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळची शिकवणी सुटली आणि मी चहा टाकायला उठले, तेवढ्यात फोन वाजला. तिथे मध्यरात्र उलटून गेली असणार. मला वाटलं, नंबर लागल्याचं सांगायला केला असेल.

"ताई." त्याचा आवाज इतका बारीक होता की मी गॅस बंद केला. "ताई, इथं पोलीस आलेत."

"कुठं?"

"दुकानासमोर. बॅगेपाशी." तो दम लागल्यासारखा बोलत होता. "सगळं बंद करून टाकलंय. पिवळी पट्टी लावली. रांगेतले सगळे लोक रस्त्याच्या पलीकडं काढले. तिथं आता फक्त माही बॅग आहे."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. दुकानाच्या दाराशी एक बॅग येऊन पडते. तिच्याजवळ माणूस नाही. रांगेत पहिला जो आला त्याला ती कोणाची हे माहीत नाही, दुसऱ्यालाही नाही. मग कोणीतरी फोन करतो. त्या लोकांच्या देशात बेवारस बॅग म्हणजे काय असतं हे मी शंभर वेळा वाचलं होतं. आपल्याकडेही रेल्वे स्टेशनवर दिवसभर तेच ओरडून सांगतात. आम्ही ते ऐकत मोठे झालो आणि तरी तिथे ठेवलेली बॅग आमच्या लेखी चुंगडीच राहिली.

"आत काय आहे बॅगेत?"

"डबा आहे, आईचा स्टीलचा. पोहे आहेत त्यात. चादर आहे. मोबाइलची बॅटरी आहे ती, चार्जिंगची, तिची वायर बाहेर लटकून राहिली." तो थांबला. "आणि पासपोर्ट आहे."

"पासपोर्ट कायले ठेवलास?"

"बाबा म्हणाले ना, नावाचा कागद ठेव. दुसरा नव्हता जवळ. आणि खोलीवर मी तो ठेवत नाही, तिथं कोणाचं काय कुठं जाते समजत नाही."

तोपर्यंत आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती आणि बाबा खाटेवरून उठून बसले होते. मी फोन स्पीकरवर टाकला. लपवण्यात अर्थ नव्हता, माझा चेहरा त्यांनी पाहिला होता.

विवेकनं सगळं पुन्हा सांगितलं. तो गर्दीत मागे उभा होता. थंडी इतकी की लोक जागच्या जागी पाय आपटत होते. रांग मोडली म्हणून चिडले होते, कोणा मूर्खाचं काम आहे म्हणून शिव्या घालत होते. बॅग त्याची आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. पोलिसांनी चाकांवर चालणारं एक यंत्र गाडीतून उतरवलं होतं.

"मशीन कायले?" बाबांनी विचारलं.

"बॅग उघडाले, बाबा. नाही तर उडवून देतात म्हणे."

"उडवून?" बाबा माझ्याकडे बघू लागले. "पोह्याच्या डब्याले?"

मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मला एकच गोष्ट दिसत होती. "विवेक, ऐक. निघ तिथून," मी म्हटलं. "कोणाला काही बोलू नको. घरी जा."

"आणि पासपोर्ट?"

"उडवला तर उडवला. हरवला म्हणून सांगता येईल. नवीन निघतो. पोलिसांत नाव गेलं तर अर्ज गेला तुझा, समजून राहिलं का तुला?"

"आणि नाही उडवला तर? यंत्रानं उघडली तर नाव सापडेल ना माझं. मग पळून गेला म्हणतील."

त्याचं खरं होतं आणि मला ते ऐकून घ्यायचं नव्हतं. मी म्हटलं, सापडलं तर सांग चोरीला गेली होती बॅग. एकामागून एक खोटं मला सुचत होतं आणि प्रत्येक वेळी वाटत होतं की हे टिकेल. भीती वाटली की माझं तोंड असंच सुटतं. पोलिसांच्या हातात बंदुका होत्या, आणि तो काळासावळा, परक्या देशातला, ज्याच्या बॅगेतून वायर लटकत होती. तो चार पावलं पुढे गेला आणि कोणाला तो धावून येतोय असं वाटलं तर काय होईल, हे मी मनातल्या मनात पुरतं पाहून घेतलं होतं.

आई, कुसुमबाई, फारशी बोलत नाही. ती पुढे आली आणि फोनकडे तोंड करून म्हणाली, "विवेक, तुयी बॅग हाये ना ते?"

"हो, आई."

"मंग माही हाये म्हनून सांग."

"आई, तुला कळत नाही," मी म्हटलं.

"मले कळते. तेवढे लोक थंडीत उभे हायेत ना, त्याइच्यात लहान लेकरं असतीन, मायमाउल्या असतीन. त्याची बॅग हाये, त्यानं सांगावं." मग फोनला म्हणाली, "हात वर करून जा. हळू जा. पळू नको."

मी बाबांकडे बघितलं. ते काही तरी बोलतील असं वाटलं, कारण ते नेहमी बोलतात. ते खाली बघत होते.

"फोन चालू ठेवतो," विवेक म्हणाला. "खिशात ठेवतो. तुमी काही बोलू नका."

मग कपड्याची घसट ऐकू आली आणि त्याच्या बुटांचा आवाज. बर्फावर पाय पडला की कसा आवाज होतो हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, मीठ चावल्यासारखा. मध्ये कोणीतरी ओरडलं, थांब, तिथेच थांब. विवेक इंग्रजीत म्हणाला, सर, ती बॅग माझी आहे. आवाज इतका लटपटत होता की त्यानं ते पुन्हा सांगितलं. नंतर बरेच आवाज एकदम झाले. हात दिसू देत. मागे वळ. गुडघ्यावर बस. आई पदराचं टोक दातात धरून उभी होती. तिला शब्द कळत नव्हते, पण ओरडण्याला भाषांतर लागत नाही.

"काय म्हनून राहिले?" बाबांनी हळूच विचारलं.

"विचारपूस करताहेत," मी सांगितलं.

मग ओरडणं थांबलं आणि एक बाई बोलू लागली. तिचा आवाज शांत होता आणि मला त्या शांतपणाचीच जास्त धास्ती वाटली. बॅगेत काय आहे, तिनं विचारलं. विवेकनं सांगितलं. वायर कसली. त्यानं सांगितलं. बॅग कधी ठेवली. कामावर जायच्या आधी. कुठे कामाला आहेस. नाव काय. कुठल्या देशाचा. तो एकेक सांगत गेला. मी इकडे बाबांना कानात थोडं थोडं सांगत होते.

नंतर तिनं विचारलं, "ही बॅग इथे ठेवायला तुला कोणी सांगितलं होतं का?"

 

"नाही," तो म्हणाला. "कोणीच नाही. मीच ठेवली."

"नक्की?"

"नक्की. कोणीच सांगितलं नाही."

 आतापर्यंत तो खरं बोलत होता आणि आता पोलिसासमोर खोटं बोलला होता, तेही ज्या प्रश्नाला खोटं बोलू नये नेमक्या त्याच प्रश्नाला. का बोलला ते सांगायला नको. बापाचं नाव त्याला त्या पट्टीच्या आत न्यायचं नव्हतं.

"काय इचारलं तिनं?" बाबा म्हणाले. ते मला बाईच म्हणतात. "बाई, काय इचारलं?"

तेव्हा मी काही नाही म्हटलं असतं तर पुढचं झालंच नसतं. पण मला बाबांचा राग आला होता. खरंच आला होता. घरात बसून दुनियेला शहाणपण शिकवतात, आणि निस्तरतो कोण तर तो. म्हणून मी सांगून टाकलं. "तिनं विचारलं, बॅग ठेवायला कोणी सांगितलं. तो म्हणाला, कोणीच नाही."

बाबा उठले. मला वाटलं बाहेर निघाले. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, तोंडापाशी नेला आणि शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तसे बोलले, "ओ मॅडम. मी सांगतलो त्याले. मी त्याचा बाप हाओ. बॅग मीच ठेवाले लावली. ते बॅग माही हाये, त्याची नाई. जे करायचं ते मले करा. मैंने बोला था मॅडम, मैंने."

मी फोन हिसकावून घेतला तोवर उशीर झाला होता.  मग त्या बाईचा आवाज, आता अजिबात शांत नाही: फोनवर कोण आहे? कोण ऐकतंय? हात खिशाकडे नेऊ नकोस. पुन्हा तो ओरडा, पुन्हा कपड्यांची घसट, विवेक घाईघाईनं काहीतरी सांगतोय, कोणी ऐकत नाही. मग आवाज एकदम जवळ आला. फोन तिच्या हातात होता.

"कोण बोलतंय?" तिनं विचारलं.

मी रोज पोरांना फळ्यावर इंग्रजी शिकवते. कर्ता, क्रियापद, कर्म. त्या वेळी मला स्वतःचं नावसुद्धा इंग्रजीत सांगता येईना. आई माझ्याकडे बघत होती. बाबा खाटेच्या काठावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांत दाबून.

"मी त्याची बहीण," मी म्हटलं. "अल्का. भारतातून, आमगाव, जिल्हा गोंदिया." जिल्हा कशाला सांगितला कोण जाणे. अर्ज भरायची सवय.

"आता कोण ओरडलं?"

"वडील."

"काय म्हणाले ते?"

मघापासून मला सुचलेली सगळी खोटी उत्तरं माझ्यासमोर हजर होती. म्हातारे आहेत, घाबरले आहेत, देवाचं नाव घेत होते. यातलं कुठलंही चाललं असतं, तिला कुठे मराठी कळत होतं. पण विवेक तिथे गुडघ्यावर बसला होता आणि एक खोटं त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यावर माझं दुसरं चढवायचं मला धैर्य झालं नाही.

"ते म्हणाले, बॅग ठेवायला मी सांगितलं," मी म्हटलं. "ते खरं आहे. माझा भाऊ खोटं बोलला, कारण वडिलांवर काही येऊ नये असं त्याला वाटलं. आमच्याकडे असंच करतात. रांगेत बॅग ठेवायची आणि घरी जायचं. सकाळी यायचं आणि बॅगेमागे उभं राहायचं. धान विकायला, खत घ्यायला, सगळीकडे. वडील जन्मभर तसंच करत आले. त्यांना वाटलं, तुमच्याकडेही तसंच असेल."

 मागे गाडीचं इंजिन चालू असल्याचा आवाज येत होता.

"आणि ती बॅग कोणी नेत नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"कोणी घाबरत नाही?"

"पिशवीला?"

मी उद्धटपणे विचारलं नव्हतं.  पलीकडून तिचा श्वास ऐकू आला, हसली की उसासा टाकला ते कळलं नाही. मग म्हणाली, फोन बंद करू नका, आणि फोन कुठेतरी ठेवून दिला असावा, कारण त्यानंतर नुसतीच घरघर ऐकू येत राहिली.

त्या वेळात आमच्या घरात कोणी जागचं हललं नाही. बाहेर शेजारचा उमेंद्र मोटरसायकल चालू करायचा प्रयत्न करत होता, किक मारायचा, ती बंद पडायची. आईनं एकदा भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडे बघितलं आणि पुन्हा फोनकडे. बाबा मला म्हणाले, "मी काम बिघाडलो का वो?" मला हो म्हणायचं होतं. त्यांचा चेहरा बघून मी म्हटलं, माहीत नाही.

बऱ्याच वेळानं विवेकचा आवाज आला. "ताई."

"सोडलं का?"

"सोडलं." तो नाक ओढत होता. "यंत्रानं डबा उघडला. पोहे निघाले. त्या मॅडमनं पासपोर्ट पाहून परत दिला."

"थंडे झाले असतीन," आई म्हणाली, आणि मग तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली.

"केस केली का?" मी विचारलं.

"केस नाही म्हणाली. पण नाव लिहून घेतलं. रिपोर्ट तर करावाच लागतो म्हणाली. मी अर्जाचं विचारलं, तर म्हणाली, त्याचं मला सांगता येणार नाही." थोडं थांबून म्हणाला, "पाहू आता."

पाहू आता. म्हणजे त्याचा तो अर्ज आता त्या रिपोर्टासकट कुठल्या टेबलावर जाणार आणि तिथला माणूस काय म्हणणार, हे कोणालाच माहीत नव्हतं. इतके दिवस हिरव्या दिव्याची वाट बघून रस्ता ओलांडणाऱ्या पोराचं नाव शेवटी पोलिसांत गेलंच.

"रांगेचं काय झालं?" बाबांनी विचारलं.

"पट्टी काढली. लोक पुन्हा उभे राहून राहिले. पण कोण कुठं होतं ते कोणालेच समजून नाही राहिलं. भांडणं लागली. जे पहिले आले होते ते मागं पडले. मी आता घरी जातो. गेम नको मले."

"लोकाइले मालूम झालं का, बॅग तुयी होती म्हनून?"

"झालं. सगळ्यायनं पाहिलं. मले समोरून जावं लागते त्यांच्या, रस्ता तिकडूनच आहे. सगळे पाहून राहिले. शिव्या देऊन राहिले." त्याचा आवाज पुन्हा बारीक झाला. "मी टोपी ओढून घेतो आणि चालला जातो."

"टोपी नको ओढू," बाबा म्हणाले.

"बाबा..."

"ज्याचा नंबर आपल्यानं गेला त्याची माफी मांगा लागते. आपल्याइकडं तसंच हाये. एकाएकाजवर जा आन माफी माग."

"सगळ्याइले? पुष्कळ आहेत बाबा."

"ज्याचा ज्याचा गेला त्या सगळ्याइले." बाबा मध्ये थांबले. मग जे म्हणाले ते त्यांच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. "चूक माही हाये. मले तिथं येता आलं असतं तं मीच मांगलो असतो. मले नाई येता येत, म्हनून तू मांग. मी हाओ फोनवर."

मला वाटलं विवेक चिडेल. मी चिडले असते. इतक्या दिवसांची भीती ज्या माणसाच्या सल्ल्यानं खरी झाली, तो आता आणखी एक सल्ला देत होता.  पण तिकडे बर्फावर बूट वाजले, थांबले, आणि विवेक म्हणाला, "सॉरी."

पुन्हा दोन पावलं. "सॉरी."

मी फोन खाटेवर ठेवला. बाबा त्याच्यावर वाकून बसले. या शब्दाचं भाषांतर त्यांना लागत नव्हतं. काही जण गप्प राहत होते. एक मुलगी म्हणाली, जाऊ दे, असू दे. एकानं विचारलं, वेडा आहेस का तू? विवेक म्हणाला, सॉरी, आणि पुढे गेला. त्याच्या प्रत्येक सॉरीला बाबांची मान थोडी हलायची, ते स्वतःच समोर उभे असल्यासारखी.

मग एक जाडा आवाज काहीतरी लांबलचक बोलला. विवेक त्याच्यापुढे थांबलेला असावा, कारण पावलं वाजली नाहीत.

"काय म्हनला तो?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. ठीक आहे म्हणाला."

"खोटं नको सांगू, बाई."

"शिवी दिली," मी म्हटलं. "तुझ्या देशात परत जा म्हणाला."

बाबांनी डोळे मिटले. आई पदरानं तोंड पुसून उठली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली.

"देऊ दे," बाबा म्हणाले. मग फोनकडे तोंड नेऊन, या वेळी अगदी हळू, "विवेक, मी हाओ. पुढच्याजवर जा."

पावलं वाजली.

"सॉरी," विवेक म्हणाला.

"अजून किती हायेत?" बाबांनी मला विचारलं.

मला कुठून दिसणार. "पुष्कळ आहेत," मी म्हटलं.

"असू दे," बाबा म्हणाले, आणि फोन आणखी जवळ ओढून घेतला.